हुलाबलू

चार वर्षांच्या चिमणीला मी गंमत म्हणून इंग्रजीतले विचित्र शब्द शिकवले होते. हुलाबलू, फ्लिबर्टीजिबेट, डिसकॉम्बॉब्युलेटेड! अर्थ राहू दे बाजूला, नुसतं म्हणतानाच जिभेला गुदगुल्या होतात. पाहुण्यांनी नाव विचारलं की ती नावाऐवजी यातला एक शब्द फेकायची, मंडळी पोट धरून हसायची आणि मी धावत येऊन तिला कडेवर घ्यायचे.

"अगं, आधी घरचा पत्ता तरी पाठ करून घे तिच्याकडून," सासूबाई म्हणायच्या.

"होईल हो," मी म्हणायचे.

त्या दिवशी मोठ्या दुकानात टॉवेलांच्या रांगेत तिचा हात सुटला तो सुटलाच. मी तिन्ही मजले पालथे घातले. भोंग्यावरून सारखी एकच सूचना येत होती, "एक परदेशी मुलगी सापडली आहे. तिला आपली भाषा येत नाही."

कुणाची गं बिचारी, असं पुटपुटत मी जिने चढत-उतरत राहिले. पाऊण तासाने शेवटी चौकशीच्या खिडकीशी पोचले.

"माझी मुलगी... पिवळा फ्रॉक... चार वर्षांची..."

खिडकीतल्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, ती तुमची? काहीही विचारलं की भलतंच इंग्रजी बोलते!"

आत खुर्चीवर चिमणी बसली होती. रडून रडून आवाज पार बसलेला.

 

"आई, मला येतात ते सगळे शब्द म्हणून झाले, तरी तू उचलून घ्यायला आलीच नाहीस."