तेराव्याचं तूप

तक्रारीतलं शेवटचं वाक्य अक्षयानं तिसऱ्यांदा खोडलं आणि पुन्हा तेच लिहिलं. डॉक्टरांनी डोस विनाकारण वाढवल्यामुळे माझी आजी गेली.

“अक्षू, आज तेरावं आहे,” हरिदास दारातून म्हणाले. “आजचा दिवस राहू दे.”

“आजच देणार, बाबा.”

“डॉक्टर म्हणतायत, दोन वर्षांत त्यांनी काही बदललंच नाही.”

“कबूल कोण करतं? आजीनं स्वतः मला सांगितलं होतं.”

हरिदास दारातूनच मागे फिरले. आई गेली तेव्हा ते ऑफिसच्या कामानं भोपाळला होते. तेरा दिवस ते स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वावरत होते.

अक्षयाला कुणीतरी हवं होतं, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असं कुणीही. घास गिळवत नव्हता. डोळा लागला की देव्हाऱ्याची घंटा ऐकू यायची आणि ती दचकून उठायची.

तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. तेव्हा आजी साताऱ्याहून एका डब्यात देव घेऊन आली आणि आठव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये वीस वर्षं राहिली. नाव द्वारका आणि राहायलाही दिल्लीतल्या द्वारकेतच. “पत्ता सांगितला की नावही सांगून होतं,” असं ती हसून म्हणायची. बाल्कनीत तुळस, सोमवार, प्रदोष, संकष्टी, चातुर्मासात लक्ष वाती. अक्षयाला दहावीत टायफॉइड झाला तेव्हा आजीनं भात सोडला, तो पुन्हा ताटात घेतलाच नाही.

तोंडातून अभद्र शब्द जाऊ द्यायचा नाही, हेही तिचं एक व्रतच होतं. शाळेला निघताना अक्षया ‘जाते’ म्हणाली की लिफ्टपाशी येऊन ‘येते’ म्हणायला लावायची. दिवा विझला म्हणायचं नाही, शांत झाला म्हणायचं.

“आजी, तुझी डिक्शनरीच वेगळी आहे.”

“असू दे. वास्तू तथास्तु म्हणत असते, बाळा.”

दोन वर्षांपूर्वी अक्षया स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मुनिरक्यात खोली घेऊन राहू लागली. रोज दिवेलागणीला आजीचा फोन यायचा. जेवलीस का, अभ्यास झाला का, एवढंच विचारायची. घरात काही हवं असलं तर तेही तेव्हाच सांगायची, की अक्षया तिथूनच फोनवर मागवायची. वाण्याचं सामान, औषधं, उदबत्ती, सगळंच.

मुख्य परीक्षेचे पेपर चालू होणार होते त्याच्या आदल्या संध्याकाळी आजी म्हणाली, “अक्षू, हृदयाच्या त्या गोळ्या वाढल्या गं.”

“अच्छा? पेपर झाले की बघते मी, आजी.”

“चालेल, बाळा. घाई नाही. तू शांतपणे पेपर दे.”

त्यानंतर रोज फोन आले, पण गोळ्यांचं नाव आजीनं पुन्हा काढलं नाही. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी ती देव्हाऱ्यासमोरच कलंडली.

का वाढवल्या, हे त्याच संध्याकाळी डॉक्टरला विचारायला हवं होतं. एक फोन. तेवढाही आपल्याच्यानं झाला नाही. हा विचार आला की अक्षया पुन्हा तक्रारीकडे वळायची.

पुरावा म्हणून तिनं घर पालथं घातलं. एकही गोळी सापडली नाही. मागच्याच महिन्यात तर मागवल्या होत्या. आजीच्या फोनशेजारी, नाव वर येईल अशी ठेवलेली गोळ्यांची रिकामी पट्टी तेवढी मिळाली. म्हणजे दुप्पट घेऊन सगळ्या झाल्या. तिनं पट्टीचा फोटो तक्रारीला जोडला.

गेटवरचा गार्ड म्हणाला होता, “माताजी आख़िरी दिनों में रोज़ नीचे आती थीं। पूछती थीं, हमारा पार्सल आया क्या?”

वातींचा कापूस असेल, असं अक्षयाला वाटलं. तो साताऱ्याहून आजीची धाकटी बहीण, अलकनंदा मावशीआजी, पाठवायची. त्याही काल तेराव्यासाठी आल्या होत्या.

“कापूस? तो तर दिवाळीतच पोचला, अगं,” मावशीआजी म्हणाल्या. अक्षयानं तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

आता स्वयंपाकघरात त्यांनी पुरणपोळ्यांचा घाट घातला होता. आवाज थेट आजीचाच. अक्षयाचा हात कागदावर थांबला.

“अक्षू, इकडे ये गं. नैवेद्याचं पान वाढायचंय.”

ती सहीचं पेन हातात घेऊनच उठली.

“सही केली की निघते मी, मावशीआजी.”

“निघते नाही, येते म्हणावं. कुणावर एवढी चिडली आहेस?”

“डॉक्टरवर. त्यानं मारलं आजीला.”

मावशीआजींनी पदरानं डोळे टिपले. “ताईचं आयुष्यच तेवढं होतं, बाळा. कुणाचा तळतळाट घेऊ नकोस. बरं, जाताजाता एक काम कर. तूप वाढलंय बघ.”

“मग वाटीत काढून ठेवू?”

“काढतेस काय? खालच्या दुकानातून घेऊन ये.”

“वाढलंय म्हणता, मग आणायचं कशाला?”

मावशीआजींनी तुपाचा डबा तिच्यासमोर आडवा केला. तळ लख्ख दिसत होता.

“दिल्लीची पोर गं तू,” त्या हसून म्हणाल्या. “भरल्या घरात कुणी ‘संपलं’ म्हणतं का?”