कडक शेरा

अवधूत सरांनी लॅपटॉप मदीहापुढे सरकवला. "एवढा लेख वाचून सांग. अहवाल आजच पाठवायचाय."

सर जालन्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत आणि मदीहाचे पीएच.डी.चे गाइड होते. एका इंग्रजी जर्नलनं लेख तपासायला त्यांना नेमलं होतं. लेख कुणाचा हे तपासणाऱ्याला कळत नसे आणि तपासला कुणी हे लेखकाला. सरांचं सगळं शिक्षण मराठीत झालेलं. इंग्रजी वाचायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. म्हणून लेख मदीहा वाचायची, मराठीत सांगायची आणि अहवालही तीच लिहायची. गाइडची कामं विद्यार्थ्यांनीच करायची असतात, त्यात डिपार्टमेंटमध्ये कुणाला काही वावगं वाटत नसे.

आजचा लेख कुठल्याशा कोरड्या मुलखातल्या विहिरींवर होता.

"माणसानं खूप हिंडून लिहिलंय, सर," मदीहा म्हणाली. "इंग्रजी तेवढं अडखळतंय. स्वतःच्या भाषेतून ओढून आणल्यासारखं."

"मंग परत पाठव. आपण सोडलं तर जर्नलवाले म्हणतील, ह्यालाच इंग्रजी येत न्हाई. कडक लिही."

तिनं लिहिलं, 'विहिरींवरचा हा लेख छापण्याजोगा नाही. लेखकाने आधी इंग्रजी शिकावे, मग संशोधनाला हात घालावा.' लिहिताना तिला स्वतःचीच लाज वाटली. सरांनी मात्र तिच्याकडून अर्थ ऐकून मान डोलावली.

"बराबर लिहिलंस. हे जपून ठेवतो."

त्यानंतर सरांनी तिला अहवालासाठी बोलावलंच नाही. "तू तुझा थीसिस बघ," ते म्हणाले. "माझं मी भागवून राह्यलो." मदीहाला मनापासून बरं वाटलं.

तिचा थीसिस मराठीत लिहून तयार होता. शहागडला गोदावरीच्या वाळूत तिचे अब्बा, महेमूदभाई, टरबुजाचे वेल लावायचे. वाळू उपसली गेली, त्याबरोबर वेलही गेले. त्याचीच ती हकिकत. पण इंग्रजी जर्नलात एक लेख आल्याशिवाय थीसिस जमा होणार नव्हता. वाढवून मिळालेली शेवटची मुदत महिनाअखेर संपत होती. मग नाव कमी आणि सगळी वर्षं पाण्यात.

या विषयाचा लेख घेणारं जर्नल एकच होतं, सरांचं. तिथं तपासणारे देशोदेशीचे असतात, असं सरच सांगायचे. त्यांना विचारलं असतं तर लेखावर तिच्या आधी त्यांचं नाव घालावं लागलं असतं, म्हणून तिनं लेख गुपचूप पाठवला. इंग्रजी करताना तिचा जीव मेटाकुटीला आला होता. अब्बा ओल्या, कोरड्या, गाळाच्या वाळूला निरनिराळी नावं द्यायचे. इंग्रजीत तिला सगळ्यांसाठी एकच शब्द सापडला.

उत्तर आलं तेव्हा ती शहागडला घरीच होती. अब्बा बाजेवर बसले होते. तिचा चेहरा बघून ते सरसावले.

"क्या लिखे वो लोगां?"

"वापस कर दिये, अब्बा."

"क्यूँ? पूरा पढ."

कोण असेल हा परदेशी माणूस, असं मनाशी म्हणत तिनं पहिलं वाक्य वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग अब्बांना कळेल असं सांगितलं, "कुओं पर का ये लेख छापने के लायक नहीं."

"कुओं पर का?" अब्बा गोंधळले. "तू तो तरबूज पे लिखी थी ना?"

मदीहानं फोन बाजेवर पालथा ठेवला.

"आगे क्या है?" अब्बांनी विचारलं.

पुढचं वाक्य तिनं फोन न बघताच सांगितलं.