इजिप्तचा निळा

कापडावर पक्का बसणारा गडद निळा रंग ही आनंदनगर एमआयडीसीतल्या त्या कंपनीची खरी कमाई, आणि तो घडवला होता यशोधरा कांबळेने, बारा वर्षं लॅबमध्ये घासून. २००७ साली कंपनीने इजिप्तमध्ये कारखाना काढला, तेव्हा तिकडची लॅब यशोधराकडेच येणार, असं सगळे धरून चालले होते. पाठवलं मात्र दिल्लीतल्या मंत्रीसाहेबांच्या भाच्याला.

तिसऱ्या महिन्यात कंपनीचे मालक परसरामशेठ यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि फोन पुढे केला. "मॅडम, तिकडे सगळा माल हिरवट निघतोय. भाच्याला जरा समजावून सांगा ना."

"फोनवर रंग दिसत नाही, शेठ."

"मग जाऊन या. पंधरा दिवस त्याच्या हाताखाली..."

"हाताखाली नाही. लॅब माझी असेल तरच जाईन."

शेठ काकुळतीला आले. "अहो, तिकडची जमीन मंत्रीसाहेबांच्या शब्दावर मिळालीय! त्यांना काय तोंड दाखवू?"

"जमीन मिळाली ना? मग रंग राहू द्या, जमीनच विका," म्हणत ती उठली. मागे वळून न पाहता ती केबिनबाहेर पडली.

आठवड्याभराने तिच्या नेमणुकीचं पत्र आलं. भाचाही तिकडेच राहणार होता, सरकारी कचेऱ्या सांभाळायला. यशोधराने पत्रात एक ओळ वाढवून घेतली आणि मगच सही केली: भाचेसाहेबांनी लॅबमध्ये यायचं, ते कांबळेबाईंना विचारून.