सप्रेम भेट

गोव्यात शर्यतीच्या बोटीवर पळून पळून म्हातारं झालेलं इंजिन अमरसिंहांनी स्वस्तात उचललं आणि बोटीसकट पंचगंगेकाठच्या आपल्या गावाला भेट दिलं. बोट, वल्ही, लाइफ जॅकेट, जिथं जागा दिसली तिथं स्वतःच्या फोटोचं स्टिकर लावून घेतलं. मग हारतुरे आणि तासभर भाषण.

पूर आला तेव्हा पलीकडच्या मळ्यात चार माणसं अडकली, आणि इंजिन पाच मिनिटं गुरगुरून बंद पडू लागलं. शिरोली एमआयडीसीत तीस वर्षं इंजिनं उघडलेले गणपतराव कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. फिल्टर बदलून झाला, कार्बोरेटर धुऊन झाला.

"तीस वर्षं पाने फिरवून काय शिकलासा?" काठावरच्या छत्रीखालनं अमरसिंह म्हणाले. "एवढी भारी वस्तू दिलीया तुमास्नी, चालवायची तरी अक्कल पायजे की."

गणपतराव पाइपावर वाकले. पेट्रोलच्या पाइपातला रबरी फुगा चिपाडागत चपटा झाला होता. म्हणजे टाकीत वरनं हवाच शिरत नव्हती, मग पेट्रोल पुढं सरकणार कसं? त्यांनी टाकीचं झाकण चाचपलं. हवेच्या बारीक भोकावर काहीतरी चिकटलं होतं. ते नखानं सोललं, खिशात टाकलं आणि स्टार्टर मारला.

चौघं सुखरूप काठाला लागल्यावर गणपतरावांनी इंजिनाचा बिघाड अमरसिंहांच्या तळहातावर ठेवला: हात जोडलेला त्यांचाच फोटो, खाली 'सदैव तुमच्या सेवेत'.