सम फुलं

“जिवंत की मेलेला?” फुलवाल्या स्तोयांकामावशीनं मान वर न करता विचारलं.

नेवेना बादलीतल्या शेवंत्यांकडे पाहत राहिली. प्रश्न साधाच होता. जिवंताला विषम फुलं द्यायची, मेलेल्याला सम, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दिमितर या दोहोंपैकी कोण, तेच तिला उन्हाळ्यापासून कळत नव्हतं. लग्नाच्या गोष्टी करणारा माणूस एका सकाळपासून गप्प झाला. भांडण नाही, निरोप नाही. फोन वाजत राही, उचलत कुणी नसे. तिची झोप उडाली. खांबांवर चिकटवलेल्या मृत्यूच्या सूचना ती थांबून थांबून वाचू लागली. त्यांत त्याचं नाव नसे. तेव्हा मनात निराशेसारखं जे येई, ते तिनं देवापुढे दिवा लावतानाही कधी उच्चारलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला ध्यानाच्या वर्गाला धाडलं होतं. “मनानं गोष्टी रचू नका,” तिथल्या बाई हळुवारपणे सांगत. “श्वास घ्या. समोर आहे तेवढंच पाहा.” समोर तर काहीच नसे.

“बोल की गं! हात गारठले माझे.”

“जिवंत,” नेवेना म्हणाली. “दिमितर नाव आहे.”

“आज अर्धं शहर दिमितरच आहे! घे, या पाच शेवंत्या.”

आज संत दिमितरचा सण. ज्याचं नाव दिमितर, त्याचं दार आज सगळ्यांना उघडं. आमंत्रण लागत नाही. एरवी ती त्याच्या घरी गेली नसती. “लग्न ठरलं की नेईन,” असं तोच म्हणायचा.

दार खरंच सताड उघडं होतं. आत भाजलेल्या भोपळ्याचा वास, हसणं, पेल्यांचा किणकिणाट. टेबलाच्या मधोमध दिमितर बसला होता. गाल गुलाबी, अंगानं थोडा भरलेला.

“ये गं बाई, ये!” त्याची आई पुढे आली. “आज न बोलावता येणाऱ्यांचाच मान. तू कुणाची गं?”

नेवेनानं दिमितरकडे पाहिलं.

“जुनी ओळख आहे, आई,” तो घाईनं म्हणाला. मग तिच्याकडे वळून, “अगं, फोनच बिघडलाय माझा. काय सांगू तुला!”

ताटाशेजारचा फोन वाजला. सवयीनं त्यानं तो कानाला लावला. “बोल रे, बोल!”

नेवेनानं श्वास घेतला. समोर होतं तेवढंच पाहिलं. कोटाच्या आडोशाला बोटं जरा चाळवली, गुच्छ आईच्या हाती दिला आणि ती निघाली.

जिन्यात मागून हाक आली. “अगं, ही तर चारच आहेत! मोजताना चुकलीस की काय?”

नेवेना थांबली. पाचवी शेवंती तिच्या मुठीत चुरगळली होती.

“चुकत होते, काकू,” ती हळूच म्हणाली. “आज बरोबर मोजली.”