सोनचाफ्याची मेणबत्ती

"पेटवल्यावर आधी लिंबाचा वास येईल, मग सोनचाफा फुलेल आणि विझवल्यावर खोलीत चंदन रेंगाळेल," शलाकाने पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी लगेच मेणबत्ती घेतली. त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या बायकोचा म्हणे चाफ्यावर फार जीव होता.

दोन वर्षांपूर्वी आलेल्या तापानंतर शलाकाला कसलाच वास येत नव्हता. नोकरी जाईल या भीतीने तिने दुकानात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. लेबल वाचायचं आणि डोळे मिटून "अहाहा!" म्हणायचं, एवढ्यावर तिचं निभावत होतं.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ तीच मेणबत्ती घेऊन परत आले. "बाई, जरा हुंगून सांगता, कसला वास आहे?"

तिने सवयीने डोळे मिटले. "अहाहा! ओंजळभर चाफाच की हो, काका!"

त्यांनी मेणबत्ती काउंटरवर ठेवली. "काल ही पेटवली, तर शेजारीण दारातूनच म्हणाली, कॉफी उकळताय का?"

परवा मेणबत्त्यांचे काचेचे पेले पुसताना निघालेली लेबलं शलाकानेच अंदाजाने पुन्हा चिकटवली होती. तिला मान वर करवेना.

"बायकोही काल डोळे मिटून अगदी हेच म्हणाली," ते हळूच म्हणाले. "तुमचंही तसंच असेल, तर तुम्हीच सांगा बाई, मला कळलंय हे तिला कळू द्यावं का?"