बॅटरीची ओळख

दुपारच्या उन्हात शेजारच्या कापड कारखान्यांतल्या लूमवरून उडालेले कापसाचे तंतू तरंगत धम्मपालच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत शिरत होते, जणू भिवंडीच डुलकी घेत स्वप्न पाहत होती. बॅटरी बदलताच कौसल्यामावशींचा निजलेला फोन हळूच उजळला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ‘ही बॅटरी ओळखता येत नाही.’ बॅटरी अस्सल होती, त्याच कंपनीच्या फुटक्या फोनमधली. पण कंपनी परक्या हातानं बसवलेल्या बॅटरीला आपलं म्हणत नाही. मावशींना ती नकली वाटली, तर त्यांचं अख्खं अंजूर गाव धम्मपालला चोर म्हणणार. “मावशी, आईशप्पत, माल खरा आहे. फोनच ओळख दाखवत नाही.” मावशींनी फोनवर अंगठा टेकवला; लूमसाठी वर्षानुवर्षं सुताच्या कांड्या भरून रेघा झिजलेला तो अंगठाही फोननं नाकारला. “बघ,” त्या हसल्या, “मालकिणीला वळखत न्हाय मेला, तुझ्या बॅटरीला काय वळखंल?”